न झालेल्या अंतिम सामन्याची पार्श्वभूमी: साउथईस्टर्न कॉन्फरन्सची सॉफ्टबॉल स्पर्धा

अमेरिकेतील साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेच्या महिला सॉफ्टबॉल अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना १० मे २०२५ रोजी जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथे पावसामुळे रद्द करावा लागला आणि ओक्लाहोमा व टेक्सस ए अँड एम या दोन्ही विद्यापीठांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. १९९७ पासून भरणाऱ्या या स्पर्धेचे विजेतेपद विभागून देण्याची ही पहिलीच वेळ होती. ‘पावसापुढे कोणाचे काय चालणार’ एवढ्यावर अनेकांनी हा विषय सोडून दिला. परंतु सामना पुढे न ढकलता रद्द का झाला आणि रद्द झाल्यावर चषक दोघांना का गेला, हे प्रश्न पावसाच्या कक्षेबाहेरचे आहेत. त्यांची उत्तरे या स्पर्धेच्या घडणीत शोधावी लागतात.

या कॉन्फरन्समध्ये सॉफ्टबॉल तसा उशिराच आला. शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला मनाई करणारा अमेरिकेतील कायदा १९७२ चा असला, तरी दक्षिणेकडील बड्या विद्यापीठांनी मुलींच्या मैदानी संघांवर खर्च करण्याची घाई केली नाही. लुइझियाना स्टेट विद्यापीठातील विद्यार्थिनींनी १९९४ मध्ये फुटबॉल (सॉकर) आणि सॉफ्टबॉल खेळायला मिळावे म्हणून थेट न्यायालयात धाव घेतली आणि १९९६ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाला कायदाभंगाबद्दल दोषी धरले. त्याच सुमारास अटलांटा ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉलचा प्रथमच समावेश झाला. त्याचे सामने जॉर्जियातीलच कोलंबस शहरात झाले आणि यजमान अमेरिकेने सुवर्णपदक जिंकले. कॉन्फरन्सची पहिली स्पर्धा पुढच्याच वर्षी त्याच कोलंबसमध्ये भरली, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही, कारण मैदानाची व्यवस्था तेथे तयार होती. सहभागी विद्यापीठांपैकी बहुतेकांचे संघ त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी उभे राहिलेले होते. साउथ कॅरोलायनाचा संघ मात्र १९७४ पासून खेळत होता, आणि पहिले विजेतेपद त्यानेच नेले. न्यायालयाची पायरी चढून संघ मिळवलेल्या लुइझियाना स्टेटने १९९९ ते २००७ या काळात ही स्पर्धा पाच वेळा जिंकली.

सुरुवातीच्या वर्षांत दोन पराभवांनंतर बाद होण्याची पद्धत होती. पुढे ती जाऊन एका पराभवात घरी पाठवणारी बाद पद्धत आली. हा बदल वरवर किरकोळ वाटला, तरी सॉफ्टबॉलचे स्वरूप पाहता तो मोठा होता. बेसबॉलमध्ये पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला, एका सामन्यानंतर काही दिवस विश्रांती द्यावी लागते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालच्या हाताने, ४३ फुटांवरून टाकला जातो आणि एकच कसलेली पिचर लागोपाठ तीन-चार दिवस उभी राहू शकते, किंबहुना तिला उभे केले जाते. दोन पराभवांच्या पद्धतीत अशा पिचरवर एका दिवसात दोन सामन्यांचा भार पडण्याची शक्यता असते आणि लगेच पुढच्या आठवड्यात राष्ट्रीय स्पर्धा सुरू होते. आपली आघाडीची पिचर कॉन्फरन्सच्या चषकासाठी झिजवायची की राष्ट्रीय स्पर्धेसाठी राखून ठेवायची, हा हिशेब प्रशिक्षक तेव्हापासून करत आले आहेत, आणि तो करताना बहुतेकांचा कल कोणीकडे असतो हे या खेळाचे सामने पाहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

राष्ट्रीय पातळीवर हा भाग तेव्हा मागासलेलाच होता. पश्चिम किनाऱ्यावरील आणि ॲरिझोनातील विद्यापीठांनी राष्ट्रीय विजेतेपदावर जवळजवळ मक्ता बसवलेला होता. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील विद्यापीठाने ते प्रथम जिंकले २००५ मध्ये, आणि तेही मिशिगनने. साउथईस्टर्न कॉन्फरन्सला त्यासाठी २०१२ पर्यंत, अलाबामाच्या विजयापर्यंत थांबावे लागले. २०१४ आणि २०१५ मध्ये फ्लोरिडाने लागोपाठ दोनदा बाजी मारली. विशेष म्हणजे पश्चिमेकडच्या ज्या पॅक-१२ कॉन्फरन्सने ही सत्ता गाजवली, तिने आपली स्वतःची सॉफ्टबॉल स्पर्धा २०२३ पर्यंत कधी भरवलीच नाही. साखळीत जो पहिला तोच विजेता, असा तिचा साधा नियम होता. टूसॉन येथे २०२३ मध्ये भरलेली तिची पहिली स्पर्धा युटाने जिंकली, स्टॅनफर्ड येथील २०२४ ची स्पर्धा युसीएलएने जिंकली, आणि त्यानंतर बहुतेक सदस्य विद्यापीठे अन्यत्र निघून गेल्यामुळे ती परंपरा दोन वर्षांतच संपली. उत्कृष्ट संघ घडवण्यासाठी अशा स्पर्धेची गरज असते, या दाव्याला हा इतिहास फारसा आधार देत नाही.

मग ती भरवायची कशासाठी? लहान कॉन्फरन्सच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ असतात. त्यांपैकी जवळपास निम्म्या जागा निरनिराळ्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट मिळतात आणि उरलेल्या जागा निवड समिती गुणवत्तेनुसार भरते. लहान कॉन्फरन्समधून बहुधा एकच संघ जाऊ शकतो, त्यामुळे तेथील अंतिम सामना म्हणजे अख्ख्या हंगामाचा निकाल असतो. साउथईस्टर्न कॉन्फरन्सची गोष्ट वेगळी आहे. २०२५ मध्ये तिच्या सॉफ्टबॉल खेळणाऱ्या १५ संघांपैकी १४ संघांना राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला. ज्या स्पर्धेतील जवळजवळ प्रत्येक संघाची पुढची जागा आधीच पक्की असते, त्या स्पर्धेतून प्रवेशाचा नव्हे तर मानांकनाचा निकाल लागतो. राष्ट्रीय स्पर्धेतील पहिल्या १६ मानांकितांना पहिली फेरी सामान्यतः आपल्याच मैदानावर खेळता येते, आणि २००५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या फेरीचे यजमानपद पहिल्या आठांच्या वाट्याला येण्याची शक्यता सर्वाधिक असते. घरच्या प्रेक्षकांपुढे खेळण्याचा हा फायदा दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणाइतकाच मोलाचा मानला जातो, आणि कॉन्फरन्सची स्पर्धा या दोन्ही गोष्टींच्या आधाराने चालते.

तिच्या बाजूने एक मुद्दा मात्र मान्य करावा लागेल. २०२४ मध्ये ओक्लाहोमा व टेक्सस दाखल झाल्यावर सॉफ्टबॉलमधील संघ १३ वरून १५ झाले. सदस्यांपैकी एकट्या व्हँडरबिल्टचा सॉफ्टबॉल संघ नाही. साखळीत प्रत्येक संघ तीन-तीन सामन्यांच्या आठ मालिका, म्हणजे २४ सामने खेळतो. त्यामुळे १४ प्रतिस्पर्ध्यांपैकी सहांशी त्याची साखळीत गाठच पडत नाही. कोणाच्या वाट्याला सोपा कार्यक्रम आला आणि कोणाला सगळेच तगडे संघ भेटले, यावरून दरवर्षी कुरबुर होते. अशा लंगड्या साखळीनंतर सगळ्यांना एका मैदानावर आणून बाद पद्धतीने खेळवणे हा न्यायाचा एक प्रयत्न ठरतो. २०१७ मध्ये साखळीतल्या पहिल्या काही क्रमांकांत नसलेल्या ओल मिसने, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाने, चषक उचलला, तो याच पद्धतीमुळे. अर्थात सहा प्रतिस्पर्ध्यांशी न खेळण्याची उणीव चार-पाच दिवसांत भरून निघते, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

अथेन्समध्ये १५ संघांसाठी पाच दिवसांचा कार्यक्रम आखलेला होता. साखळीतील पहिल्या चार संघांना दोन फेऱ्यांची पुढे चाल होती. तळाच्या संघाला मात्र विजेतेपदासाठी पाच दिवसांत पाच सामने जिंकणे भाग होते. बाद पद्धतीत १५ संघांमधून एक विजेता ठरवायला १४ सामने लागतात आणि त्यांपैकी १३ झाले. चौदावा शनिवारी व्हायचा होता. सॉफ्टबॉलच्या मैदानाची एक अडचण येथे लक्षात घ्यावी लागते: बेसबॉलच्या मैदानात चार तळांच्या (बेसच्या) मधल्या भागात हिरवळ असते, तर सॉफ्टबॉलमध्ये तो सगळा भाग उघड्या मातीचा असतो. मोठी ताडपत्री अंथरूनही कडेने पाणी शिरले की ही माती लिबलिबीत होते. मग पाणी शोषणारी भुकटी टाकून, दाताळ्याने ती वरखाली करून, तास दीड तास वाट पाहावी लागते. आकाशात वीज असेल तर तेही करता येत नाही. सुमारे आठ मैलांच्या परिसरात वीज चमकली की खेळाडूंना मैदानाबाहेर काढायचे आणि शेवटच्या विजेनंतर अर्धा तास आत सोडायचे नाही, असा महाविद्यालयीन खेळांचा संकेत आहे. प्रत्येक नवी वीज हे घड्याळ पुन्हा शून्यावर आणते. त्या दिवशी सामना सुरक्षितपणे खेळवता आला नसता, याबद्दल कोणाचा गंभीर आक्षेप नव्हता.

आक्षेप होता तो रविवारबद्दल. राष्ट्रीय स्पर्धेतील ६४ संघ आणि त्यांची मानांकने रविवारी, ११ मे रोजी संध्याकाळी जाहीर व्हायची होती. हंगामाचे वेळापत्रक दरवर्षी त्या घोषणेभोवती बेतलेले असते, म्हणून बड्या कॉन्फरन्स आपले अंतिम सामने शनिवारी उरकतात. परिणामी या स्पर्धेला राखीव दिवस म्हणावा असा मोकळा दिवस उरतच नाही. मराठी वाचकांना येथे २००२ ची कोलंबोतील चॅम्पियन्स करंडकाची अंतिम लढत आठवेल. तेथे राखीव दिवस होता, त्या दिवशी सामना नव्याने सुरूही झाला, दोन दिवसांत मिळून श्रीलंकेने शंभर षटके फलंदाजी केली, भारताला जेमतेम दहा-अकरा षटके मिळाली आणि पावसाने दोन्ही दिवस धुऊन नेल्यावर करंडक विभागून दिला गेला. तो निकालही कोणाला आवडला नव्हता. पण सगळे उपाय करून झाल्यावर तो घेतला होता, त्यामुळे त्याविषयी चीड कमी आणि हळहळ जास्त होती. अथेन्समध्ये एकही चेंडू न टाकता निकाल लागला.

दुसरा आक्षेप चषकाच्या वाटणीवर होता आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. स्पर्धा पूर्ण होऊ शकली नाही तर उरलेल्यांपैकी वरचे मानांकन असलेल्या संघाला विजेता मानावे, अशी तरतूद अनेक कॉन्फरन्सच्या नियमांत असते. ओक्लाहोमाने कॉन्फरन्समधील आपल्या पहिल्याच वर्षी साखळीचे विजेतेपद कोणाशीही न विभागता मिळवले होते आणि तो संघ अथेन्समध्ये पहिल्या मानांकनाने उतरला होता. २४ सामन्यांनी लावलेली क्रमवारी हाताशी असताना ती बाजूला ठेवून दोघांना समान लेखणे म्हणजे साखळीचे मोल कमी करणे, असे ओक्लाहोमाच्या बाजूने म्हणता येते. उलट बाजूचा युक्तिवाद असा की, चषक साखळीतील विजेत्याला आपोआप द्यायचा असेल तर स्पर्धा भरवण्याचे प्रयोजनच उरत नाही. टेक्सस ए अँड एमने अंतिम फेरीपर्यंतचे सामने जिंकले होते आणि न खेळलेल्या सामन्यात त्या संघाला हरलेला ठरवणे हाही अन्यायच ठरला असता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु हा निर्णय इतक्या सहज घेता आला याचे कारण वेगळे होते: दोघांपैकी कोणाचेच पुढचे काही अडणार नव्हते. एखाद्या लहान कॉन्फरन्समध्ये अशी वेळ आली असती तर दोन संयुक्त विजेत्यांपैकी एकाला घरी बसावे लागले असते, आणि मग तेथे कोणी चषकाची वाटणी करून मोकळे झाले नसते. वरच्या मानांकनाचा नियम तरी काढला असता, नाहीतर रविवारी पहाटे मैदान सुकवायला माणसे लावली असती.

निर्णयाचा परिणाम झालाच नाही, असेही नाही. दुसऱ्या दिवशी जाहीर झालेल्या यादीत टेक्सस ए अँड एमला पहिले आणि ओक्लाहोमाला दुसरे मानांकन मिळाले. साखळीचा विजेता मागे आणि त्याच्याबरोबरचा संयुक्त विजेता पुढे, हे अनेकांना खटकले. निवड समिती केवळ कॉन्फरन्समधील निकाल पाहत नाही, संपूर्ण हंगामातील प्रतिस्पर्ध्यांची ताकद, परगावचे विजय, बलाढ्य संघांवर मिळवलेले विजय असे सगळे तोलते, त्यामुळे या क्रमात नियमबाह्य काही नव्हते. तरीही शनिवारचा सामना झाला असता तर पहिल्या दोन संघांमधला निवाडा समितीच्या बैठकीऐवजी मैदानावर झाला असता, ही रुखरुख राहिली. यादीतील पहिल्या आठांपैकी सात संघ याच कॉन्फरन्सचे होते, पाचव्या क्रमांकावरील फ्लोरिडा स्टेट तेवढे बाहेरचे.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मैदानावर जे घडले त्याने या मानांकनांची फारशी बूज राखली नाही. टेक्सस ए अँड एम आपल्याच मैदानावर पहिल्या फेरीत लिबर्टी विद्यापीठाकडून पराभूत होऊन बाहेर पडले; राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकित संघ पहिल्याच फेरीत गारद होण्याची ती पहिली वेळ होती. २०२१ पासून सलग चार वेळा राष्ट्रीय विजेते ठरलेल्या ओक्लाहोमाची घोडदौड राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम टप्पा जेथे होतो त्या ओक्लाहोमा सिटीत उपांत्य फेरीत टेक्सस टेकने रोखली. विजेतेपद मिळाले सहाव्या मानांकित टेक्ससला, तीन सामन्यांच्या अंतिम मालिकेत टेक्सस टेकला हरवून. २०१५ नंतर साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या वाट्याला आलेले ते पहिले राष्ट्रीय विजेतेपद होते, आणि ते मिळवणारा संघ अथेन्समधील अंतिम फेरीत पोहोचलेलाच नव्हता.