शेपूट कोणी छाटावी, आणि का? : ब्रिटनमधील कायद्याची पार्श्वभूमी

कुत्र्याचे पिल्लू चाळीस दिवसांचे झाले की त्याच्या शेपटीचे टोक तोडावे, म्हणजे ते पुढे पिसाळत नाही, असा मेंढपाळांचा समज पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोलुमेला याने नोंदवून ठेवला आहे. रेबीजचा शेपटीशी काही संबंध नाही हे पुढे कळले, तरी छाटणी थांबली नाही. काट्याकुट्यांत शिरणाऱ्या शिकारी कुत्र्याला इजा होऊ नये, प्रदर्शनात जातीचे ठरलेले रूप दिसावे, अशी नवी कारणे तिला मिळत गेली.

ब्रिटनमध्ये घोड्याची शेपूट छाटण्यास १९४९ च्या कायद्याने बंदी घातली. कुत्र्यांना मात्र तेवढे संरक्षण मिळायला आणखी अर्धशतकाहून अधिक काळ लागला. डोळेही न उघडलेल्या पिल्लाची शेपूट त्याची पैदास करणाऱ्यानेच छाटणे दीर्घकाळ कायदेशीर होते. १९९२ मध्ये पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने, म्हणजे त्यांच्या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या संस्थेने, उपचारासाठी किंवा इजा टाळण्यासाठी नसलेली छाटणी व्यवसायनीतीत बसत नाही, असे जाहीर केले आणि जुलै १९९३ पासून हे काम केवळ पशुवैद्यांकडे आले. कायद्याने असे आधी ‘कोणी छाटावी’ हे ठरवले. ‘छाटावीच का’ हा खरा प्रश्न त्याने मागे ठेवला. युरोपात तो तोवर विचारला गेला होता. पाळीव प्राण्यांविषयीच्या १९८७ च्या युरोपीय कराराने निव्वळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियांना मनाई केली होती, परंतु ब्रिटनने त्यावर सही केली नाही.

अखेर २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यानुसार इंग्लंड व वेल्समध्ये २००७ च्या वसंतात बंदी लागू झाली. काम करणाऱ्या ठरावीक जातींना तीतून सूट मिळाली. त्यासाठी पिल्लू पाच दिवसांहून मोठे नसावे आणि ते पुढे कामाला लावले जाण्याची शक्यता आहे, असा पुरावा पाहून पशुवैद्याने दाखला द्यावा लागतो. पाच दिवसांच्या जिवाचे भावी काम आजच गृहीत धरणारी ही तरतूद मला कायद्याची सर्वांत कच्ची बाजू वाटते. शेपटीची एक इजा टाळण्यासाठी सुमारे ५०० कुत्र्यांची शेपूट छाटावी लागेल, असे ब्रिटनमधील कुत्र्यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले होते.

स्कॉटलंडने २००७ मध्ये अशी कोणतीही सूट न ठेवता बंदी घातली होती. पुढे काम करणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या इजांचा ग्लासगो विद्यापीठात अभ्यास झाला आणि त्याचा आधार घेऊन तेथील संसदेने जून २०१७ मध्ये, स्पॅनियल व शिकार हेरून आणणाऱ्या काही जातींपुरती, शेपटीचा शेवटचा एक-तृतीयांश भाग छाटण्याची मुभा पुन्हा दिली.