एका ठिपक्यात मावलेला देश

मिरजेच्या बाजारात मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागणारे जोगते, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेले पुरुष, दिसतात. लुगडं नेसलेला, कपाळाला भंडारा फासलेला, डोक्यावर यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची टोपली, घेतलेला पुरुष दारात उभा राहिला की घरची बाई परडीत पसाभर पीठ टाकते, भंडारा लावून घेते, पाया पडते. जोगता होणं आणि समलैंगिक असणं एक नव्हे. तरीही धर्म आणि समलैंगिकता यांचे आलेख पाहताना ही बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पाहणीवाले आले, तर ती काय उत्तर देईल?

देशोदेशीची मतं मोजायचं काम १९८१ पासून चालू आहे. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रोनाल्ड इंगलहार्ट यांच्या पुढाकाराने वाढलेल्या जागतिक मूल्य पाहणीत समलैंगिकता कितपत समर्थनीय वाटते, हे १ ते १० मध्ये सांगायचं असतं. प्यू या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेचा प्रश्न सरळ आहे: समाजाने ती स्वीकारावी की नाही? २०१३ मध्ये प्यूने ३९ देशांतली उत्तरं मांडली आणि धार्मिकतेशी त्यांचा मेळ घालणारा आलेख काढला. एक देश, एक ठिपका. धार्मिकता वाढते तसे ठिपके उतरंडीसारखे खाली घसरतात: स्पेनमध्ये ८८ टक्के लोक स्वीकाराच्या बाजूचे, नायजेरियात १ टक्का. पण फिलिपिन्स कमालीचा धार्मिक असून ७३ टक्क्यांवर, आणि रोजच्या प्रार्थनेशी फारसं नातं नसलेला रशिया १६ वर. शिवाय कमी धार्मिक देश बहुतेक श्रीमंतही आहेत. मग उतार धर्माचा की पैशाचा?

यातला धोका समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच दाखवला होता. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत, जिथे परदेशात जन्मलेले जास्त, त्या राज्यांत साक्षरता जास्त होती. माणसागणिक पाहिलं तर उलटं: बाहेरून आलेले कमी साक्षर. ते स्थायिक झाले होते साक्षर राज्यांत, एवढंच. राज्यांचा उतार माणसांना लावला की निष्कर्ष उलटा पडतो. म्हणून आलेखावरून 'देवभोळा माणूस असहिष्णू' म्हणणं मला मान्य नाही.

भारताचा ठिपका तर जागचा हलला. २०१४ मध्ये १५ टक्के, २०१९ मध्ये ३७. मधल्या काळात देश काही नास्तिक झाला नव्हता. कायदा मात्र बदलला होता: डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केलेलं इंग्रजांच्या काळचं, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं, ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने रद्द केलं. सगळं श्रेय निकालाला देता येणार नाही. सांगलीत 'संग्राम' संस्था १९९२ पासून देहविक्री करणाऱ्यांमध्ये काम करते आहे. देहविक्री करणारे पुरुष आणि तृतीयपंथी 'मुस्कान' या गटात एकत्र आले, ते तिच्याच कामातून.

माझ्या हाती असतं तर मी प्रत्येक देशाचे निदान दोन ठिपके काढले असते, एक तरुणांचा आणि एक वडीलधाऱ्यांचा. २०१९ मध्ये दक्षिण कोरियाचा आकडा होता ४४. तिशीच्या आतले ७९ वर आणि पन्नाशीपुढचे २३ वर. एकाच घरात जेवायला बसणारी ही माणसं.