पोलिश नात्याची, फिनिश वळणाची

शंभराला पोलिशमध्ये ‘स्तो’ म्हणतात आणि फिनिशमध्ये ‘साता’. शतक, शेकडा हे आपले शब्द मनात ठेवून पाहिले, तर फिनिशच आपली नातलग वाटेल. प्रत्यक्षात नाते आहे ते पोलिशशी. पोलिश ही स्लाव्हिक शाखेतली, म्हणजे मराठीच्याच इंडो-युरोपीय कुळातली. फिनिश ‘युरालिक’ नावाच्या वेगळ्याच भाषाकुळातली. एस्टोनियन तिची जवळची, हंगेरियन फार लांबची. ‘साता’ हा तिने उसना घेतलेला शब्द आहे. काही हजार वर्षांपूर्वी तिच्या पूर्वजांचा इंडो-इराणी भाषा बोलणाऱ्यांशी शेजार होता, तेव्हाची ही देवघेव. हातोड्याला फिनिशमध्ये ‘वासारा’ म्हणतात, तो शब्दही त्याच शेजारातून आलेला आणि आपल्या वज्राचा भाऊबंद.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पोलंड-फिनलंडला जायच्या विचारात असलेल्यांना दोन्ही भाषांची भीती घातली जाते. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना परभाषा शिकवते. त्यांच्या हिशेबात या दोन्ही भाषा एकाच गटात येतात : ४४ आठवडे, वर्गातले १,१०० तास. पण हा हिशेब ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांचा. आपण मराठीतून निघालो, तर वाट बरीच वेगळी लागते.

आधी पोलिश. विस्तव म्हणजे ‘ओग्येन’, धूर ‘दिम’, मांस ‘म्येंसो’, विधवा ‘व्दोवा’. अग्नी आणि धूम चटकन ओळखू येतात, आनंदही होतो, पण अशा शब्दांची पुंजी लवकर संपते. खरा आधार व्याकरणात आहे. पोलिशला तीन लिंगे आहेत, आणि नपुंसकलिंग म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. भूतकाळात बोलणारा पुरुष की स्त्री हे क्रियापदच सांगते : पुरुष ‘बिवेम’ म्हणतो, बाई ‘बिवाम’ म्हणते. मी होतो, मी होते. दोन माणसे मोजताना पोलिशमध्ये पुरुषांना ‘द्वाय’, स्त्रियांना ‘द्विये’ आणि एक पुरुष, एक स्त्री अशा जोडीला ‘द्वोये’ लागते. इंग्रजीतून शिकणारा इथे हैराण होतो. आपण मात्र दोघे भाऊ, दोघी बहिणी आणि नवरा-बायको दोघं असे लहानपणापासून बोलत आलो आहोत.

उच्चारांत एक गोष्ट फुकट मिळते. रोमन लिपीतल्या ‘सी’ अक्षराचा पोलिश उच्चार म्हणजे आपल्या ‘चाक’मधला च, ‘चहा’मधला नव्हे. अडचण येते ती श आणि ष यांची. शाळेत हा फरक शिकवतात, पण बोलताना आपण तो केव्हाच सोडून दिला आहे. पोलिशमध्ये तो शाबूत आहे. ‘काषा’ म्हणजे शिजवलेल्या भरड धान्याचा पदार्थ, आणि ‘काशा’ हे मुलीचे नाव.

फिनिशमध्ये लिंगच नाही. तो आणि ती, दोघांनाही ‘हॅन’. तिच्या १५ विभक्तींचा मोठा बोलबाला आहे, पण त्यांतल्या बऱ्याचशा म्हणजे आपले शब्दाला चिकटणारे प्रत्यय. घर ‘तालो’, घरात ‘तालोस्सा’, घरातून ‘तालोस्ता’. शिवाय आपण घरात बसतो आणि घरात जातो, दोन्हीकडे ‘घरात’च म्हणतो, फिनिशमध्ये जाण्यासाठी ‘तालोऽन’ हे निराळे रूप आहे. प्रत्यय लागताना मूळ शब्द बदलतो, याचे तर आपल्याला नवल वाटायला नको. पाणी म्हणजे ‘वेसी’, पाण्यात ‘वेदेस्सॅ’. मासा, माशाला असे म्हणणाऱ्याला सामान्यरूप नवे नाही.

नकाराचे तर मला फारच अप्रूप वाटले. फिनिशमध्ये नकार हे स्वतंत्र क्रियापद आहे आणि ते माणसागणिक बदलते : मी बोलत नाही ‘एन पुहु’, तू बोलत नाहीस ‘एत पुहु’, ते बोलत नाहीत ‘एइवॅत पुहु’. नाही, नाहीस, नाहीत. कुळाचा काडीइतका संबंध नसताना दोन भाषा एकाच युक्तीवर याव्यात! ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’ हे वाक्यही फिनिशमध्ये जवळजवळ याच घडणीत बसते. पोलिशला त्यासाठी इंग्रजीसारखे वेगळे क्रियापद लागते.

दोन्ही भाषांत सर्वांत अवघड जागा एकच आहे, फक्त ती वेगवेगळ्या ठिकाणी दडलेली आहे. काम चालू आहे की तडीस गेले, हे दोन्ही भाषांना पदोपदी सांगावे लागते. पोलिश ते क्रियापदात सांगते : ‘चिताम’ म्हणजे मी वाचतो आहे, ‘प्शेचिताम’ म्हणजे मी वाचून काढीन. फिनिशमध्ये क्रियापद जसेच्या तसे राहते आणि कर्माची विभक्ती बदलते : ‘लुएन किर्याऽ’, पुस्तक वाचतो आहे, ‘लुएन किर्यान’, पुस्तक वाचून संपवीन. वेगळा भविष्यकाळ फिनिशला नाही, तो असा पुस्तकाच्या प्रत्ययातून उमटतो. मराठीत ‘पिणे’ आणि ‘पिऊन टाकणे’ यांतला फरक आपण न शिकता जाणतो. शिकताना तीच जाण जागी ठेवावी, व्याकरणाचे तक्ते नंतर पाहावेत.

माझा कल फिनिशकडे आहे. तिचे शब्द पाठ करायला वेळ लागतो, हे खरे, कारण टेलिफोन आणि युनिव्हर्सिटीसाठीसुद्धा तिचे स्वतःचे शब्द आहेत. पोलिशमध्ये ते ओळखीचे निघतात. पण फिनिश शब्दांची कुटुंबे असतात. ‘किर्या’ म्हणजे पुस्तक कळले, की ग्रंथालय ‘किर्यास्तो’, लेखक ‘किर्याइलिया’ आपोआप जमतात. कान मात्र तयार करावा लागतो. ‘तुली’ म्हणजे आग, ‘तूली’ वारा, ‘तुल्ली’ जकात. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची चूक खपते तशी इथे बोलताना खपत नाही.

आणखी एक. पुस्तकात ‘मी आहे’ म्हणजे ‘मिनॅ ओलेन’. हेलसिंकीच्या ट्राममध्ये कानावर पडते ते ‘मॅ ओऽन’. आपण तरी ‘मला जायचे आहे’ असे कुठे बोलतो, ‘जायचंय’ म्हणून मोकळे होतो. वर्ग लावाल तेव्हा ही बोली फिनिश पहिल्याच महिन्यात शिक्षकांकडून मागून घ्या.