एक्स-रेमध्ये न दिसलेलं एमआरआयमध्ये का दिसतं?

गुडघा मुरगळतो, सूज येते, एक्स-रे काढला जातो आणि डॉक्टर म्हणतात, "हाड ठीक आहे, एमआरआय करून घेऊ." तेव्हा बऱ्याच जणांना वाटतं की एमआरआय म्हणजे जास्त ताकदीचा एक्स-रे. प्रत्यक्षात ही दोन यंत्रं शरीरातल्या अगदी वेगळ्या गोष्टी तपासतात, आणि हा फरक कळला की डॉक्टरांनी हीच तपासणी का सांगितली हेही बरंचसं उलगडतं.

एक्स-रे म्हणजे सावली. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म राँटजेन यांना हे किरण १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये सापडले आणि डिसेंबरमध्ये त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं. त्यात हाडं आणि बोटातली अंगठी स्पष्ट उमटली होती. अणूचा क्रमांक जितका मोठा, तितका तो हे किरण जास्त अडवतो, आणि ही वाढ साधारण घनाच्या प्रमाणात होते. मऊ ऊती मुख्यतः हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजनच्या. त्यातल्या ऑक्सिजनचा क्रमांक ८, तर हाडातल्या कॅल्शियमचा २०. म्हणून हाड पांढरं उठून दिसतं. पण लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा चिवट पट्टा, आणि त्याशेजारचा स्नायू किरणांना जवळपास सारखेच अडवतात, त्यामुळे त्यांच्या सावल्या एकमेकींत मिसळून जातात.

सावलीची दुसरी अडचण म्हणजे सगळं एकावर एक पडतं. ती सीटी स्कॅनने सोडवली. समजा, चार घरांच्या चौकोनात चार आकडे लपवले आहेत. वरच्या ओळीची बेरीज ७, खालच्या ओळीची ११, डाव्या उभ्या ओळीची ८, उजवीची १०. एवढ्यावरून आकडे नक्की सांगता येत नाहीत. आता एका कर्णाची, म्हणजे वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या घराची, बेरीज ९ आहे असं कळलं की वर ३ आणि ४, खाली ५ आणि ६, हे एकच उत्तर उरतं. सीटीतली एक्स-रे सोडणारी नळी शरीराभोवती फिरते ती अशाच तिरप्या बेरजा गोळा करायला. प्रत्येक किरण वाटेत एकूण किती अडला, ही एक बेरीज. अशा लाखो बेरजांवरून संगणक आतल्या प्रत्येक बिंदूचा आकडा काढतो. ब्रिटिश अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र घेतलं गेलं, तेव्हा त्यात फक्त ८० गुणिले ८० चौकोन होते. तरीही कवटी न उघडता मेंदूच्या आत पाहता आलं. मला हा वैद्यकातला सर्वांत सुंदर गणिती विजय वाटतो. मात्र त्याची किंमत किरणोत्सर्गात मोजावी लागते. छातीच्या सीटीत साध्या एक्स-रेच्या साधारण पन्नासपट किंवा त्याहून जास्त मात्रा शरीरात जाते. म्हणून "एकदा सीटी करूनच टाका" असा आग्रह रुग्णाने धरू नये. डोक्याला जबर मार लागून आत रक्तस्राव झाल्याची शंका असेल, तर मात्र काही सेकंदांत चित्र देणारा सीटीच हवा.

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग मुळीच नसतो. ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा आणि प्रतिध्वनी किती वेळाने परततो ते मोजायचं. ऊतींमध्ये आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो, म्हणजे दहा सेंटीमीटर खोलीवरचा प्रतिध्वनी सेकंदाच्या सात हजाराव्या भागाच्या आत परततो. हवा या आवाजाला जवळजवळ पूर्ण परतवते. त्वचेवर थंडगार जेल लावतात ते मधली हवा काढायला. ओटीपोटाच्या तपासणीआधी भरपूर पाणी प्यायला सांगतात, कारण भरलेलं मूत्राशय वायूने भरलेली आतडी बाजूला सारतं आणि आवाजाला आत जायला खिडकी मिळते.

एमआरआय पाहतो तो पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन. या अणूचं केंद्र चिमुकल्या चुंबकासारखं वागतं. नेहमीच्या १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) यंत्रातलं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असतं, तरीही त्या क्षेत्राच्या दिशेला झुकणारी केंद्रकं उलट्या दिशेच्या केंद्रकांपेक्षा दहा लाखांत जेमतेम काहीच जास्त असतात. पण शरीरात पाणी इतकं आहे की तेवढं पुरतं. रेडिओ लहरीचा झटका दिला की ही केंद्रकं डळमळतात, आणि पूर्ववत होताना स्वतःच क्षीण रेडिओ संदेश देतात. मोकळ्या द्रवात तो संदेश बराच वेळ टिकतो, घट्ट विणीच्या लिगामेंटमध्ये लगेच विरतो. त्यामुळे योग्य वेळी ऐकलं तर लिगामेंट काळं दिसतं आणि ते फाटलं असेल तर फटीत शिरलेला द्रव पांढरा चमकतो.

संदेश कुठून आला, हे कसं कळतं? त्यासाठी क्षेत्र जागोजागी किंचित कमी-जास्त केलं जातं. क्षेत्र बदललं की संदेशाची वारंवारता बदलते, आणि वारंवारतेवरून जागा ओळखता येते. ही कल्पना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. क्षेत्रातला हा फरक घडवणाऱ्या तारांच्या वेटोळ्यांत वीजप्रवाह झपाट्याने चालू-बंद होतो, जोरदार चुंबकाच्या सान्निध्यात ती वेटोळी थरथरतात, आणि बोगद्यात पडलेल्या माणसाला कानठळ्या बसवणारी ती ठकठक ऐकू येते.