भिंतीवरचं पांढरं: लोणा की बुरशी?

सांगलीत गावभाग, सांगलवाडीकडच्या जुन्या तळमजल्यांत भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर पुष्कळदा पांढरा थर दिसतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी शिरलेल्या घरांत तर जास्तच. घरचे म्हणतात बुरशी, पेंटर म्हणतो लोणा, आणि शेवटी दोन्हींवर पुट्टीचाच हात फिरतो. पुट्टीनं यातलं काहीच बरं होत नाही.

लोणा म्हणजे क्षार. जमिनीतली ओल विटांमधून वर चढते, येताना माती, विटा, वाळू यांतले क्षार विरघळवून आणते. गिलाव्याच्या पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. म्हणून लोणा भर पावसात कमी आणि दसरा-दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की जास्त फुटतो. वाळवा, मिरज भागातल्या क्षारपड रानांत उन्हाळ्यात पांढरं फुटतं, तोच प्रकार भिंतीत.

बुरशी मात्र जिवंत असते. तिला क्षार नकोत. ओलावा आणि खायला काहीतरी हवं: धूळ, रंग, लाकूड, कापड, चामडं. ती आषाढ-श्रावणात फोफावते, तीही बहुधा कपाटामागे, कोपऱ्यात, न्हाणीघराच्या छतावर, म्हणजे हवा खेळत नाही तिथं. रंग काळा, हिरवट, कधी पांढराही. घोटाळा होतो तो या पांढऱ्यामुळंच. कुबट वास आला तर संशय बुरशीवर घ्यावा.

ओळखायला थोडं पाणी शिंपडा. लोणा विरघळून दिसेनासा होतो, वाळल्यावर परत येतो. बुरशी तशीच राहते, बोटानं फराटा उठतो. चव घेऊन पाहणारे महाभागही आहेत. तसलं काही करू नका.

उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा आणि धूळ गोळा करून घराबाहेर टाकायची. पाण्यानं धुतला तर क्षार पुन्हा भिंतीत मुरतात. बुरशी मात्र कोरडी झाडायची नाही, तिचे बीजाणू घरभर उडतात. नाकाला मास्क, खिडकी उघडी, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसायची आणि जागा पूर्ण वाळवायची. फरशीवर ब्लीच चालतं, पण सच्छिद्र गिलाव्यात ते आतपर्यंत पोचत नाही. आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

मुळावर घाव घालायचा तर लोण्यासाठी पाणी कुठून येतं ते शोधावं लागतं. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचतंय का, भिंतीतली नळाची पाइप गळतेय का, की जोत्यात ओल अडवणारा थरच नाही? वर ऑइलपेंट मारणं मला तर सगळ्यात वाईट वाटतं: ओल कोंडते, क्षार आत साठतात आणि पुढं पोपडे गिलाव्यासकट सुटतात. भिंत उघडी ठेवून नीट वाळू द्यावी, मगच चुन्याचा गिलावा किंवा चुन्याची सफेदी द्यावी. पुरात भिजलेली जाड भिंत वाळायला कित्येक महिने घेते, तोवर कंत्राटदाराला थांबवून धरायचं.

बुरशीसाठी खर्च कमी. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, ओले कपडे बंद खोलीत वाळत घालू नका, स्वयंपाक करताना एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा.

एकाच भिंतीवर दोन्ही असतील, खाली लोणा आणि वर काळे डाग, तर आधी बुरशी पुसून घ्या, भिंत वाळली की मग खालचा लोणा झाडा.