कुलूप काढायचं राहिलं

विमान नुसतं उभं असलं तरी वारा त्याला स्वस्थ बसू देत नाही. पंखांच्या मागच्या कडेला आणि शेपटीला हलत्या फळ्या असतात. त्या वाऱ्याने आपटत राहिल्या तर बिजागऱ्या खिळखिळ्या होतात. म्हणून विमान उभं करताना या फळ्या जागच्या जागी अडकवून ठेवतात. या सोयीला गस्ट लॉक म्हणतात, म्हणजे वाऱ्यासाठी लावलेलं कुलूप. उडण्याआधी ते काढावं लागतं.

30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या राइट फील्डवर ते काढायचं राहिलं. बोइंगचं चार इंजिनांचं नवंकोरं बॉम्बफेकी विमान, मॉडेल 299, लष्कराच्या चाचणीसाठी उडत होतं. चालवत होते मेजर प्लॉयर हिल, सोबत बोइंगचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर. विमान उठलं ते नाक वर करतच गेलं, आणि नाक खाली आणणारी शेपटीची फळी तर अडकलेली. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण 15-16 अंशांच्या पुढे गेला, की पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा सुटते आणि विमानाला उचलून धरणारं बळ एकदम घटतं. तसंच झालं. विमान कोसळून पेटलं. हिल आणि टॉवर दोघंही वाचले नाहीत. उड्डाणाआधी छापील यादी हातात धरून एकेक गोष्ट तपासण्याची पद्धत, आजची चेकलिस्ट, या अपघातानंतर रुजली. याच विमानातून घडलेली बी-17 विमानं पुढे 12,700 हून अधिक बनली.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण 31 मे 2014 च्या रात्री मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम जेट धावपट्टीवर सुसाट धावत राहिलं आणि उठलंच नाही. धावपट्टी संपल्यावर ते पुढच्या घळीत जाऊन पेटलं. सात जण गेले. कारण तेच, कुलूप. ते लावलेलं असताना इंजिनांचा जोर फारसा वाढवताच येऊ नये अशी तजवीज रचनेत होती, पण ती पुरी पडली नाही.

या वैमानिकांकडे यादी होती. दोघंही अनुभवी होते, वर्षानुवर्षं एकत्र उडत होते. उड्डाणाआधी सुकाणू पुढे-मागे, डावी-उजवीकडे शेवटपर्यंत हलवून बघायचं आणि पायाचे पेडल दाबून बघायचे, हे अर्ध्या मिनिटाचंही काम नाही. अपघाताच्या चौकशीत विमानातल्या नोंदयंत्राने सांगितलं, की आधीच्या 175 उड्डाणांपैकी फक्त दोन वेळा ही तपासणी पूर्ण झाली होती. मग खासगी जेट विमानांच्या सुमारे 1 लाख 44 हजार उड्डाणांच्या नोंदी धुंडाळल्या गेल्या. त्यातल्या जवळपास 18 टक्के उड्डाणांत ही तपासणी अर्धवट झालेली होती किंवा झालेलीच नव्हती.

याला आळस म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. नजर कशी शोध घेते याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग मांडला होता. लोकांना सामानाच्या एक्स-रेसारखी चित्रं दाखवून त्यात एखादं अवजार आहे का, ते शोधायला सांगितलं. निम्म्या चित्रांत अवजार असताना 7 टक्के वेळा ते नजरेतून सुटलं. शंभरातल्या एकाच चित्रात ते ठेवलं, तेव्हा 30 टक्के वेळा सुटलं. डोळे तेच होते. पण शंभरदा 'काही नाही' असं उत्तर मिळालं, की मेंदू शोध लवकर आवरता घेतो. वैमानिकाला हजारो उड्डाणांत बिघाड असा क्वचितच भेटतो. म्हणजे त्याचा अनुभवच त्याच्या नजरेच्या विरुद्ध काम करतो.

2 ऑक्टोबर 1996 रोजी पेरूच्या लिमाहून एरोपेरूचं बोइंग 757 निघालं. विमान धुताना अंगावरच्या काही बारीक भोकांवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहिली. पट्टी चंदेरी, विमानाचं अंगही तसंच. विमानाभोवती फेरी मारूनही ती कुणाला दिसली नाही. बाहेरच्या हवेचा दाब याच भोकांतून उपकरणांपर्यंत पोचतो आणि त्यावरून उंची कळते. खाली काळा समुद्र, वर रात्र. वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला उंची विचारली. कक्षाने सांगितलं, सुमारे 9,700 फूट. तो आकडा कक्षाच्या पडद्यावर येत होता तो त्याच विमानाच्या चुकलेल्या उपकरणाकडून. विमान तेव्हा पाण्याला टेकत होतं. सत्तरही जण गेले.

या अपघाताबद्दल वाचताना मला एक फरक फार महत्त्वाचा वाटतो. 'काही बिघडलंय का?' असं विचारत फेरी मारली, तर उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' येणार आणि नजर सैलावणार. 'भोकं उघडी दिसताहेत का?' असं विचारलं, तर दर वेळी काहीतरी सापडलंच पाहिजे. जे दुर्मीळ आहे ते शोधण्याऐवजी, जे असायलाच हवं ते शोधायचं. चांगल्या याद्यांतले प्रश्न असेच असतात. सुकाणू डावीकडे वळवलं, डाव्या पंखाची फळी वर गेली का? एकाने विचारायचं, दुसऱ्याने बघून मोठ्याने उत्तर द्यायचं. आपल्या रेल्वेतही लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नलचा रंग एकमेकांना असाच पुकारून सांगतात. तोंडाने उच्चारायचं म्हटलं, की आधी खरोखर बघावं लागतं. मध्येच कुणी हाक मारली आणि क्रम तुटला, तर थोडं मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची.

बारामती किंवा गोंदियाला विमान शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाती सुरुवातीला छोटं विमान येतं. सेस्ना 172 सारख्या विमानात पंखांखालच्या झडपेतून थोडं इंधन एका पारदर्शक नळीत घेऊन तपासतात. पाणी इंधनापेक्षा जड असतं, त्यामुळे ते तळाला थर करून बसतं. नवशिका तो थर शोधतो. पण नळीत सगळं पाणीच आलं असेल, तर थर दिसणार कुठून? सगळं एकसारखं, नितळ, निर्दोष वाटतं. म्हणून थर आहे का एवढंच बघून भागत नाही. या विमानांत वापरल्या जाणाऱ्या पेट्रोलला मुद्दाम फिकट निळा रंग दिलेला असतो. नळी पांढऱ्या पृष्ठभागासमोर धरायची आणि तो निळा रंग दिसतो का ते बघायचं, मग वास घ्यायचा. आकाशासमोर मात्र धरायची नाही, कारण तिथे पाणीही निळंच दिसतं.