दाखला नाही, आधार नाही. तरी प्रवेश होतो: स्थलांतरित मुलांसाठी माहिती

बांधकामाच्या साइटवर, वीटभट्टीवर नाहीतर उसाच्या फडावर आलेलं कुटुंब मुलाला घेऊन शाळेत जातं, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: "दाखला आणलाय का?" नसतोच. "गावाकडून मागवा, मग बघू," असं सांगून बोळवण होते आणि ते मूल पुन्हा शाळेकडे फिरकत नाही.

शिक्षण हक्क कायदा, 2009 मध्ये नेमकं उलट लिहिलंय. वय 6 ते 14, एवढीच पात्रता. आई-वडील कुठल्या राज्याचे, इथे किती महिने राहणार, हे विचारून प्रवेश अडवता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला तरी चालतो (कलम 5). जन्मदाखला नसला तर दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते आणि तीही नसेल तर पालकांनी वय लिहून दिलं की पुरे. वर्षाच्या मध्यावर आलं तरी मूल घ्यावंच लागतं. आधारसाठीही प्रवेश नाकारायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सांगितलंय.

एक गल्लत नेहमी होते. खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांसाठी ऑनलाइन अर्ज, सोडत आणि रहिवासी पुरावा लागतो. ती वाट वेगळी. जिल्हा परिषद किंवा पालिकेच्या शाळेत यातलं काही नाही.

मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करा: मुलाचं नाव, अंदाजे वय, आधीची शाळा, घरी बोलतात ती भाषा, पालकांचा फोन. लिहिता येत नसेल तर कुणाकडूनही लिहून घ्या आणि अंगठा द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला मात्र विसरू नका. तोंडी नकाराला पुरावा नसतो. इयत्ता वयाप्रमाणे मिळते. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवायचं नसतं. मागे पडलेल्या अभ्यासासाठी तीन महिने ते दोन वर्षं विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. राज्यातल्या राज्यात निघालेल्यांनी गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड (नव्या शाळेत मुलाचं शिक्षण पुढे चालू राहावं म्हणून दिलं जातं ते) आधीच घ्यावं.

प्रवेशानंतरचं अवघड काम शाळेचं. एका वर्गात एक मुलगा सगळ्यांसाठी नुसता 'बिहारी' होता. तो होता झारखंडचा. नव्या बाईंनी हजेरीत त्याचं पूर्ण नाव पुकारायला सुरुवात केली आणि एकदा फळ्यावर त्याच्याकडून 'पाणी', 'भाकरी', 'चांदणी' हे शब्द त्याच्या बोलीत लिहून घेतले. पोरं हसली, मग आपापल्या आजीचे शब्द सांगायला लागली. चिडवणं एका दिवसात थांबलं नाही, पण हाक नावाने यायला लागली. शिक्षकच असं हिणवत असतील तर तो याच कायद्याच्या कलम 17 खाली मानसिक छळ ठरतो.

प्रवेश नाकारला किंवा छळ झाला, तर गावात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात पालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार द्या. स्थानिक प्राधिकरणाने, म्हणजे जिल्हा परिषदेने किंवा पालिकेने, तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. तक्रारीला पोचेची प्रत जोडा.